टायरच्या दुकानापर्यंत

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ही डायरी आमच्या कापसाच्या मिलने जानेवारीत वाटली होती. दहा महिने कपाटावर धूळ खात पडली. आज पहिल्या पानावरची १ जानेवारी खोडून लिहायला बसलो, कारण आज जे झालं ते कोणापाशी बोलायची सोय नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्याच्या खोलीबाहेर नोटीस लागली. तेलुगूत आणि इंग्रजीत. आवारात निम्मे लोक मराठी, पण ते हैदराबादच्या ऑफिसला कोण सांगणार! आवारात सांडलेला कापूस वेचणाऱ्या वच्छलाबाई म्हणाल्या, "सर, तुमीच वाचून दाखवा. तुमाले नीट समजन." मग मीच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. नवरा-बायको यापुढे एकाच मिलमध्ये राहणार नाहीत. असतील त्यांनी एकोणीस तारखेपर्यंत फॉर्म भरून कळवावं. इचोड्याच्या खरेदी केंद्रावर एक जागा आहे, ती पहिल्या मागणाऱ्याला मिळेल. बाकीच्या जोड्यांमध्ये एकाने राजीनामा द्यावा. कोण जाणार ते दोघांनी ठरवावं. नातं लपवलेलं सापडलं तर दोघंही घरी. वाचताना माझा आवाज एकदाही कापला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

रंजीता माझी बायको आहे. मिलमध्ये हे कोणाला माहीत नाही.

ती इथे चार वर्षांपासून आहे. कापसाची गाडी आली की ओलावा मोजायचं मशीन कापसात खुपसायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि सही करायची, हे तिचं काम. मग गाडी माझ्याकडे काट्यावर येते. मी वजन लिहून त्याच चिठ्ठीवर दुसरी सही करतो. आमचं लग्न झालं तेव्हा मी बेकार होतो. काट्यावर जागा निघाल्याचं तिनेच सांगितलं, गावाकडचा ओळखीचा म्हणून तिनेच मला आत नेलं. फॉर्मवर 'अविवाहित' लिहायची अक्कल मात्र माझी. तेव्हा असा काही नियमही नव्हता. बायकोच्या वशिल्याने लागला असं कोणी म्हणू नये, एवढंच.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही मोटरसायकलवर सोबत निघतो. मिलच्या अलीकडे हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान आहे. तिथे ती उतरते, मंगळसूत्र काढून डब्याच्या पिशवीत ठेवते आणि पायी येते. चार पावलांवर तर गेट. आत ती मला सर म्हणते, मी तिला मॅडम. दीड वर्षात कोणाला शंकासुद्धा आलेली नाही.

नियम मला पटत नाही असं नाही. एका चिठ्ठीवरच्या दोन सह्या दोन वेगवेगळ्या घरच्या असाव्यात, हे बरोबरच आहे. आम्ही कधी एका आकड्याचीही लबाडी केली नाही, हेही तितकंच खरं. पण ते सांगायला गेलो तर आधी दुसरी लबाडी सांगावी लागते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी भाकरी थापता थापता रंजीता म्हणाली, "आपन सांगून टाकू."

"थांब जरा. पंधरा दिवस हायेत."

"थांबाचं कायले? चोरी केली का आपन?"

"थांब म्हटलं ना."

तिने भाकरी उलटली. "मंग जाईन कोन?"

मी म्हटलं, "पाहू."

खरं म्हणजे पाहण्यासारखं काय आहे? ती गेली तर लोक म्हणतील, घर सांभाळते. मी घरी बसलो तर लोक काय म्हणतील ते मला इथे लिहायचंही नाही. शिवाय ती हुशार आहे, तिला कुठेही काम मिळेल. मला मिळणार नाही. म्हणून जी हुशार आहे तिने सोडावं. कागदावर उतरल्यावर हे जरा उलटं दिसतंय. पण ती समजून घेईल. नेहमी घेते.

ओलावा तपासणीची मुख्य म्हणून पुढच्या महिन्यात तिला नेमणार आहेत, असं ती सांगत होती. आज सांगितलं की गेल्या आठवड्यात, ते आठवत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

यशवंतराव फिटर आणि त्यांची बायको चंदा, जी आमच्या ऑफिसात बसते, या दोघांनी फॉर्म दिला. आम्हाला वाटलं चंदा जाईल. तर इचोड्याची जागा यशवंतरावांनी स्वतः मागून घेतली! आता रोज बसने जाणं-येणं करणार. चहाच्या टपरीवर कोणीतरी टोमणा मारला, "काय भाऊ, बायकोनं बदली केली काय?" यशवंतराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तिचं इथं बस्तान बसलं हाये. माहं काय, नट-बोल्ट सगळीकडं सारखेच."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. यशवंतरावांनी बशीवरून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी टायरच्या दुकानापाशी रंजीता मागे बसली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "इचोड्याची जागा गेली म्हनते."

"हो."

"तुमाले मांगता आली असती."

मी गाडी जोरात घेतली. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं दाखवायला ते बरं पडतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवताना वच्छलाबाई शेजारी येऊन टेकल्या आणि माझ्या डब्यात डोकावल्या. "अंबाडीची भाजी! रंजीता मॅडमच्या डब्यातबी अंबाडीच हाये. आज बाजारात दुसरं काई आलंच नाई वाटते."

मी म्हटलं, "हंगाम आहे तिचा."

"हो ना बापा, हंगामच हाये," म्हणाल्या आणि उठून गेल्या. जाताना पदर तोंडाला लावला होता. त्यांना खोकला झाला असावा.

घरी आल्यावर रंजीताला सांगितलं की उद्यापासून दोन डब्यांत दोन वेगळ्या भाज्या हव्यात. तिने दोन्ही डबे घासून पालथे घातले. मग म्हणाली, "बरं."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या डब्यात वांग्याचं भरीत. तिला विचारलं, तुझ्यात काय होतं? म्हणाली, "चटणी-भाकर. येगळं झालं ना?"

उपाय लागू पडला. वच्छलाबाई आज डब्यापाशी आल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहू की नको असं संध्याकाळपासून चाललंय. लिहितो.

अकरा वाजता मॅनेजर प्रभाकर सरांनी बोलावलं. ते तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलतात. आज त्यांनी मला खुर्ची दिली. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, "हर्षदीप, कुछ बताना है क्या? आराम से बोलो."

"नहीं सर."

"वो रंजीता तुम्हारे गाँव की है ना? कुछ रिश्ता?"

इथे मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी म्हटलं, "रिश्ता नहीं सर. बहन जैसी है."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "सोच के बोलो."

"बहन जैसी ही है, सर."

एकदा नाही, दोनदा म्हणालो. उठून वळलो तर दारात रंजीता उभी. हातात सकाळच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तिने आत येऊन तो टेबलावर नीट ठेवला, कडा जुळवल्या आणि बाहेर गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

परत येताना टायरच्या दुकानापासून घरापर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा हवाच बाहेर आली. मला लाज वाटते. तिच्यापुढे वाटते, आणि प्रभाकर सरांनी तो चष्मा ज्या शांतपणे पुसला त्याचीही वाटते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळची पहिली गाडी काट्यावर चढली. एरवी गाडीवालाच चिठ्ठी आणून देतो. आज रंजीता स्वतः चालत आली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हर्षदीपभाऊ, हे घ्या चिठ्ठी."

कापूस वेचणाऱ्या बायांचे हात थांबले.

दिवसभरात अकरा गाड्या आल्या. अकरा वेळा भाऊ. सातव्या गाडीला मी हळूच म्हटलं, "रंजी, पुरे ना." ती म्हणाली, "मॅडम म्हना भाऊ. इथं लोक हायेत."

घरी आल्यावर भाऊ नाही, अहो नाही, काहीच नाही. ताट वाढून म्हणाली, "जेवाचं वाढलं." ते मला म्हणाली की भिंतीला, कळलं नाही. मी जेवलो. तिच्यासमोर माझा घास मलाच मोठा वाटत होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसातून फॉर्म घेतला. भाचीसाठी दुसऱ्या मिलमध्ये दाखवायचा आहे म्हणून घेतला, असं चंदाला सांगितलं. तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

काट्याच्या खोलीत बसून भरला. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव. शेवटचा रकाना, नोकरी कोण सोडणार. तिथे मी 'रंजीता' लिहिलं. निळ्या शाईने, चांगल्या अक्षरात. तिला न विचारता. फॉर्म चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. द्यायला मात्र पाय उचलला नाही. सोमवारी देईन.

१७ नोव्हेंबर, रविवार

पैनगंगेकाठी गावी जाऊन आलो. आईसाठी थंडीची शाल नेली होती. ती पायावर घेऊन आई अंगणात बसली आणि रंजीताच्या गळ्याकडे पाहून म्हणाली, "गळा काऊन रिकामा वं?"

रंजीता म्हणाली, "कंपनीत चालत नाई, आई."

"इथं कुठं कंपनी हाये?"

रंजीताने पदर गळ्याभोवती घेतला. शुक्रवारपासून तिने मंगळसूत्र घरीही घातलेलं नाही. हे मला आईने विचारल्यावर दिसलं.

मग मला आईला नियम समजावून सांगावा लागला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आमच्या टायमाले उलटं होतं बापा. सालदार ठेवाचा म्हटलं का मालक पयले इचारे, बायको हाये का? जोडीनं येत असन त कामावर ठेवे. तुहा बाप नि मी एकाच वावरात निंदत जावो. मी मांगं पडली का तो माही राहिलेली पात धरे. तो मांगं पडला का मी त्याची धरो. मालकानं इचारलं का हे कोन, त तो म्हने, माही बायको हाये, दोघायचं काम पाहून घ्या."

माझे आईवडील लोकांच्या शेतात वर्षाच्या बोलीवर सालदारी करत होते, ही गोष्ट मिलमध्ये मी कधी बोलत नाही. आज पहिल्यांदा वाटलं की लपवण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते सगळं माझ्याकडे आहे.

निघताना आई रंजीताला जवळ घेऊन काहीतरी कानात बोलली. बसमध्ये विचारलं तर रंजीता म्हणाली, "तुमच्या कामाचं नाई."

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उठलो तर शनिवारचा शर्ट खुंटीवर नव्हता. दोरीवरही नव्हता. पलंगावर होता, धुतलेला, इस्त्री केलेला. खिशात हात घातला. फॉर्म होता. भिजलेला नव्हता. धुण्याआधी तिने तो काढला होता आणि नंतर परत ठेवला होता.

उघडून पाहिला. त्यावरच्या घड्या मोडल्या होत्या. तिने फॉर्मलाही इस्त्री केली होती, आणि मग मी घातल्या होत्या तशाच चार घड्या परत घालून ठेवला होता.

ती आतून म्हणाली, "डबा भरला. आज दोघायचीबी वांग्याचीच भाजी हाये. मले उठाले उशीर झाला."

तिने तो फाडला असता, भांडली असती, तर मीही काहीतरी बोललो असतो. पुरुष माणसाची अडचण वगैरे. ती सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. एकही कामी आलं नाही. तोच शर्ट घालून कामावर गेलो. दिवसभर तो कागद छातीला टोचत होता. इस्त्रीमुळे कडक झाला होता.

फॉर्म दिला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज शेवटची तारीख. चार वाजेपर्यंत मी गाड्या मोजत बसलो. मग काटा बंद करून प्रभाकर सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "सर, रंजीता मेरी पत्नी है. मैं झूठ बोला."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी चपराशाला सांगून रंजीताला बोलावलं. ती येऊन माझ्या बाजूला उभी राहिली, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. सरांनी ड्रॉवर उघडून एक फॉर्म टेबलावर ठेवला. रंजीताचं अक्षर मी लांबूनही ओळखतो. नवऱ्याच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. खाली तारीख ५ नोव्हेंबर.

म्हणजे मी 'थांब' म्हटलं त्याच दिवशी ती जाऊन देऊन आली होती. आणि चौदा तारखेला, मला खुर्ची दिली तेव्हा, तो फॉर्म त्याच ड्रॉवरमध्ये होता.

सर म्हणाले, "ये बोली, सर, वो खुद आके बोलेंगे, थोड़ा रुको. मैं रुका. उस दिन तुमको पूछा भी." एवढंच. बहिणीचा शब्द त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तिच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना रिकामा होता. नोकरी कोण सोडणार. सरांनी पेन पुढे केलं आणि दोघांकडे पाहिलं. रंजीता जमिनीकडे पाहत होती. ती काही सुचवत नव्हती, काही मागत नव्हती.

मी म्हटलं, "मैं छोड़ूँगा."

हे वाचताना कोणाला वाटेल, गडी शेवटी शहाणा झाला. तसं नाही. कारण सर लगेच म्हणाले, "छोड़ने वाले को अपना फॉर्म देना पड़ता है. तुम्हारा फॉर्म?" आणि माझा हात आपोआप खिशावर गेला. आत तिच्या नावाचा फॉर्म होता. मी म्हटलं, "घर पे रह गया, सर."

खरं बोलायला आलेला माणूस दोन मिनिटांत परत खोटं बोलला. आणि जिने त्या कागदाला इस्त्री केली होती ती हातभर अंतरावर उभी होती. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. मग सरांना म्हणाली, "सर, दुसरा दे दीजिए. मैं भरवा लेती हूँ."

तिने मला वाचवलं, की एकदाचं सगळं संपवलं, ते मला कळत नाही. नवीन फॉर्म तिच्यासमोर भरला. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

कामाचा शेवटचा दिवस. इचोड्याची जागा असती तर आज मी फक्त बदलीवर जात असतो. ती मीच 'पाहू' म्हणत हातची घालवली, आणि वर यशवंतरावांना हसलो.

निरोपाला वच्छलाबाईंनी मुरमुऱ्याचा चिवडा आणला होता. मी म्हटलं, "बाई, माफ करा, आम्ही तुमच्यापासून लपवलं."

त्या म्हणाल्या, "लपोलं? कोनापासून बापा? तो टायरवालाबी तुमाले जोडीनं वयखते. बिचारी रोज त्याच्या दुकानात पाठ करून गळ्यातलं काढे. आमी म्हनो, चालू द्या, त्याले वाटते ना लपलं, त वाटू द्या."

दीड वर्ष. सगळं आवार. मी मोठ्याने नोटीस वाचली तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते, नोटिशीकडे नाही.

सकाळी मागचं चाक बसलं होतं म्हणून गाडी टायरच्या दुकानात दिली होती. तेव्हा संध्याकाळी एकटाच चालत गेलो. चार पावलं! चौदा मिनिटं लागली. डाव्या हाताला नाली, उजव्या हाताला ट्रक. कापसाच्या गाड्यांमागून उडणारी धूळ दाताखाली कचकच करते. पावसाळ्यात ती इथून कशी येत असेल? मी कधी विचारलं नाही. मी तोवर काट्याच्या खोलीत पंखा लावून बसलेलो असे.

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून रंजीता ओलावा तपासणीची मुख्य. आजपासून मी घरी.

सकाळी गाडी काढली. तिने मागे बसण्याआधी आरशात पाहून मंगळसूत्र गळ्यात घातलं. मी पाहिलं आणि किक मारली. हायवेला लागलो. टायरचं दुकान आलं आणि दीड वर्षाच्या सवयीने मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. टायरवाल्याने मान वर केली.

रंजीता उतरली नाही.

मी वाट पाहत राहिलो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला. थोड्या वेळाने म्हणाली, "चला ना."

"कुठं?"

"गेटपावतर."

खरं लिहितो, तेव्हाही मला लाज वाटली. गेटवर गाड्यांची रांग असणार, सगळ्या बाया असणार, माझ्या जागी आलेला नवा माणूस असणार. काम सोडलेला नवरा बायकोला कामावर सोडायला आला, हे सगळे पाहणार. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला मला वेळ लागला. ती घाई करत नव्हती.

गेटवर पोहोचलो. वच्छलाबाई झाडू टेकवून उभ्याच राहिल्या. रंजीता उतरली, पदर सारखा केला, डब्याची पिशवी घेतली. दोन पावलं आत जाऊन वळली आणि त्या दिवशीच्याच आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, साडेपाचले या. इथंच या."

मी मान हलवली.

घरी येऊन भांडी घासली. तो जुना फॉर्म अजून शर्टाच्या खिशात होता. तो फाडून चुलीत टाकला. तिला सांगणार आहे, कारण तिला तो कुठे आहे हे माहीत होतं.

सव्वापाच वाजत आले. निघतो. टायरच्या दुकानापाशी थांबायचं नाही.